ऑपरेशन झालं, पेशंट बोलायला लागला. मग डॉक्टर १४ दिवस घरी का सोडत नाहीत? मेंदूतल्या रक्तस्रावानंतरचा ‘दुसरा धोका’ समजून घ्या

सेलू : समजा, वालूरकडच्या एका घरातली पन्नाशीची बाई. सकाळी भाकरी थापत असताना डोक्यात एकदम कळ आली. ‘डोकं फुटतंय’ एवढंच म्हणाली, उलटी झाली आणि शुद्ध हरपली. घरच्यांनी गाडी करून सेलू गाठलं, तिथून परभणी. सिटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. रातोरात छत्रपती संभाजीनगरला हलवलं. तिथं फुटलेली रक्तवाहिनी बंद करण्याचं ऑपरेशन झालं आणि ते यशस्वीही झालं.

पाचव्या दिवशी बाई बोलायला लागली. चहा घेतला, नातवाची चौकशी केली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. गावाकडं सोयाबीन काढणीला आलेलं, इकडं राहण्या-खाण्याचा खर्च रोजचा. मुलगा म्हणाला, ‘आई बरी झाली, आता सुट्टी द्या. नाहीतर सही करून आमच्या जबाबदारीवर नेतो.’

सातव्या दिवशी त्याच बाईची जीभ जड झाली आणि उजवा हात उचलेना.

हे उदाहरण समजण्यासाठी घेतलेलं आहे, पण या आजारात असं घडतं. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा रक्तस्राव झाला का?’ किंवा ‘ऑपरेशनमध्येच काही चुकलं का?’ पुष्कळदा दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असतं. रक्तस्राव थांबलेला असतो, ऑपरेशनही नीट झालेलं असतं. बिघाड वेगळ्याच ठिकाणी असतो. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या धमन्या आकसतात आणि पुन्हा सैल होण्याची त्यांची ताकद काही दिवसांसाठी कमी झालेली असते.

रक्तस्राव नेमका कुठे होतो?

मेंदूवर पातळ पडद्यांची आवरणं असतात. त्यांच्यामधल्या एका पोकळीत पाण्यासारखा द्रव फिरत असतो. मेंदूच्या मोठ्या धमन्या याच द्रवातून जातात. एखाद्या धमनीला कमकुवत जागी फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. त्याला डॉक्टर ‘अॅन्युरिझम’ म्हणतात. तो कित्येक वर्षं गप्प राहतो, काही त्रास देत नाही. कधीतरी फुटला की रक्त थेट त्या पोकळीत सांडतं. डॉक्टरांच्या कागदावर याचं नाव ‘सबअरॅक्नॉइड हॅमरेज’ किंवा नुसतं ‘एसएएच’ असं लिहिलेलं असतं.

पक्षाघाताच्या १०० रुग्णांत साधारण ५ जण या प्रकारचे असतात. प्रमाण कमी वाटतं, पण हा आजार पन्नाशीच्या आसपासच्या, हिंडत्या-फिरत्या, घर चालवणाऱ्या माणसाला गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त दिसतो. बिडी-सिगारेट, अंगावर काढलेला रक्तदाब आणि अति दारू यांनी धोका वाढतो. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला तरी याच पोकळीत रक्त साचू शकतं.

फुटलेला फुगा बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक चिमटा म्हणजे क्लिप लावणं. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये असं पहिलं ऑपरेशन केलं. दुसरा, जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल भरणं. दोन्हींचा उद्देश एकच, फुगा पुन्हा फुटू नये. पण आधीच सांडलेलं रक्त एका दिवसात निघून जात नाही. पुढची अडचण तिथूनच सुरू होते.

धमनी म्हणजे प्लास्टिकचा पाइप नव्हे

शेतातला पाइप जेवढ्या इंचाचा घेतला तेवढाच राहतो. धमनीचं तसं नसतं, ती जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. स्नायू आवळले की धमनी अरुंद होते, सैल झाले की रुंद होते. मेंदूच्या ज्या भागाला जास्त रक्त लागतं, तिकडची वाट मोकळी करणं हे काम दिवसभर, झोपेतसुद्धा चालू असतं.

स्नायूला ‘सैल हो’ असं सांगतं कोण? धमनीला आतून एक अगदी पातळ अस्तर असतं, पेशींच्या एकाच थराचं. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवून दिलं की हे अस्तर शाबूत असेल तरच धमनी ठरावीक इशाऱ्याला सैल होते. अस्तर खरवडून काढलं तर होत नाही. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे ‘नायट्रिक ऑक्साइड’ नावाचा वायू आहे, हे पुढं कळलं. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

गावात हा वायू कुणी पाहिलेला नसला तरी त्याचं काम अनेकांना माहीत आहे. छातीत कळ आली की हृदयरोगी जिभेखाली ‘सॉर्बिट्रेट’ची गोळी ठेवतात. ती गोळी शरीरात हाच वायू तयार करते आणि रक्तवाहिन्या सैल होतात. (मेंदूतल्या रक्तस्रावात मात्र ही गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये. रक्तदाब एकदम खाली येऊन नुकसान होऊ शकतं.)

सांडलेलं रक्त धमनीला कसं आवळतं?

रक्त धमनीच्या आतून वाहतं तोवर ठीक असतं. तेच रक्त बाहेर पडून धमनीभोवती गोठून बसलं की बिघडवायला लागतं.

दोन-तीन दिवसांनी त्या गोठलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर येतं. अंगात रक्त कमी आहे की नाही हे तपासताना जे मोजतात, तेच हे हिमोग्लोबिन. पेशीच्या आत ते प्राणवायू वाहून नेतं. बाहेर मोकळं सुटलं की ते नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. अस्तरानं ‘सैल हो’ असा निरोप धाडला तरी तो स्नायूपर्यंत पोचायच्या आतच वाटेत संपतो.

त्यातच सूज आणि रक्ताच्या विघटनातून निघणाऱ्या पदार्थांमुळं अस्तरही दुखावतं आणि निरोप कमी पाठवू लागतं. त्याच वेळी ‘एंडोथेलिन’ नावाचा उलटा निरोप वाढतो, तो स्नायूला सांगतो ‘आवळ’. स्नायूच्या पेशींत कॅल्शियम शिरत राहतं आणि ते आवळलेलेच राहतात.

थोडक्यात, सैल करणारा आवाज दबलेला आणि आवळणारा आवाज वाढलेला. धमनी आकसते, मेंदूच्या त्या भागाला रक्त कमी पडतं आणि ते फार वेळ कमी पडलं तर तो भाग मरतो. या आकसण्याला ‘व्हासोस्पाझम’ म्हणतात. १९५१ मध्ये एकर आणि रिमेनश्नायडर या दोन डॉक्टरांनी फुगा फुटलेल्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत अशा आकसलेल्या धमन्या पहिल्यांदा दाखवल्या.

चौथा ते चौदावा दिवस महत्त्वाचा का?

तांबड्या पेशी फुटायला वेळ लागतो, म्हणून हा धोका लगेच दिसत नाही. धमन्या आकसायला साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरुवात होते, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास आकसणं सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते तीन आठवड्यांत ते ओसरतं. दिवस मोजायचे ते रक्तस्राव झाल्यापासून, ऑपरेशनपासून नव्हे.

सगळ्यांनाच लकवा होतो असं नाही. साधारण तीनपैकी दोन रुग्णांच्या धमन्या तपासणीत आकसलेल्या दिसतात. प्रत्यक्ष लक्षणं साधारण तीनपैकी एकाला होतात. पण तो एक कोण असेल, हे पाचव्या दिवशी चहा पिणाऱ्या पेशंटकडं बघून कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या स्कॅनमध्ये जितकं जास्त रक्त, तितका धोका जास्त, एवढा अंदाज डॉक्टर बांधतात.

म्हणून ‘पेशंट बरा दिसतोय’ हे घरी नेण्याचं कारण होऊ शकत नाही. गावात आणल्यावर सातव्या दिवशी हात लुळा पडला, तर परत मोठ्या शहरात पोचेपर्यंत वाचवता येण्यासारखा मेंदूचा भाग हातचा जातो.

डॉक्टर या दिवसांत काय करतात?

दर थोड्या वेळानं नर्स येऊन नाव विचारते, हात वर करायला लावते, डोळ्यात बॅटरी मारते. नातेवाइकांना वाटतं, झोपू पण देत नाहीत. पण आकसणं लवकर पकडायचा हाच पहिला मार्ग आहे.

कानशिलावर लावून करतात त्या डॉप्लर सोनोग्राफीत धमनीतल्या रक्ताचा वेग कळतो. पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, तसं अरुंद धमनीतून रक्त वेगानं जातं. वेग वाढत चालला की डॉक्टर सावध होतात. गरज पडली तर नळी घालून धमनीत थेट औषध सोडतात किंवा बारीक फुग्यानं ती रुंद करतात.

दर चार तासांची गोळी चुकवू नका

या आजारात ‘निमोडिपिन’ नावाचं औषध देतात. स्नायूंच्या पेशींत शिरणारं कॅल्शियम ते अडवतं. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या १०० पैकी ३३ जणांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी मेला होता. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण १०० पैकी २२ होतं.

साधारणपणे हे औषध दर चार तासांनी, २१ दिवस देतात. यात रात्रीचे दोन आणि पहाटेचे सहासुद्धा आले. घरी सोडल्यावर ‘झोपलीय, कशाला उठवायचं’ म्हणून रात्रीची गोळी सोडणं किंवा ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या बंद करणं, ही चूक महागात पडू शकते. मोबाइलला सहा वेळांचा गजर लावून ठेवणं सगळ्यात सोपं. या गोळीनं रक्तदाब कमी होऊ शकतो. चक्कर आली किंवा रक्तदाब घसरला तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावं. ते डोस विभागून देतात.

या औषधाबाबत एक गोष्ट जाणकारांनाही विचार करायला लावणारी आहे. निमोडिपिननं अँजिओग्राफीत धमन्या फार रुंद झालेल्या दिसत नाहीत, तरी रुग्णांचा फायदा होतो. उलट एंडोथेलिनला रोखणारं ‘क्लॅझोसेंटन’ हे औषध घेतल्यावर धमन्यांचं आकसणं कमी झालं, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अखेरची अवस्था त्यामानानं सुधारली नाही. म्हणजे मोठ्या धमन्यांचं आकसणं हे दुखण्याचं एक अंग आहे. बारीक रक्तवाहिन्या, त्यांत होणाऱ्या छोट्या गुठळ्या आणि पहिल्या तासातच मेंदूला बसलेला धक्का यांचाही वाटा असतो. म्हणूनच फक्त रिपोर्ट बघून चालत नाही, पेशंटकडं लक्ष ठेवावं लागतं.

बीपी, पाणी आणि मीठ : इथे घरचे नियम चालत नाहीत

रक्तदाब जास्त दिसला की तो कमी करायचा, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. फुगा बंद होईपर्यंत डॉक्टरही रक्तदाब आटोक्यात ठेवतात. पण फुगा बंद झाल्यावर धमन्या आकसल्या, तर ते रक्तदाब मुद्दाम थोडा जास्त राहू देतात किंवा औषधानं वाढवतातसुद्धा. वाट अरुंद झाली तर पलीकडं रक्त पोचवायला दाब लागतो. त्यामुळं मॉनिटरवर मोठा आकडा दिसला म्हणून घाबरू नये आणि पिशवीतली जुनी बीपीची गोळी परस्पर देऊ नये.

पाण्याचंही तसंच. अंगातलं पाणी कमी झालं तर मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो, म्हणून सलाइन चालू ठेवतात. या आजारात रक्तातलं सोडियम घसरू शकतं. ‘बीपीचा पेशंट आहे’ म्हणून घरच्यांनी स्वतःच अळणी जेवण सुरू करू नये. डॉक्टर सांगतील तेच खायला द्यावं.

मुळात वेळेत ओळखा

हे सगळं पुढचं झालं. पेशंट दवाखान्यापर्यंत वेळेत पोचला तरच ते कामाचं. या आजाराचं डोकं दुखणं नेहमीसारखं हळूहळू वाढत नाही. वीज पडावी तसं क्षणात येतं आणि मिनिटभरात टोकाला जातं. ‘आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं’ असं रुग्ण सांगतो. सोबत उलटी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, एक पापणी खाली पडणं, फिट किंवा बेशुद्धी असू शकते.

पित्त झालं, ऊन लागलं, नजर लागली किंवा बाहेरचं झालं म्हणून दिवस घालवू नये. मेडिकलवरून आणलेली डोकेदुखीची गोळी, विशेषतः अॅस्पिरिन, देऊ नये. तिनं रक्त पातळ होतं. फुटलेला फुगा पहिल्याच दिवसात पुन्हा फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

सिटी स्कॅन पहिल्या सहा तासांत झाला तर हा रक्तस्राव सहसा सुटत नाही. जसजसे दिवस जातात तसं रक्त स्कॅनमध्ये फिकं होत जातं. मग स्कॅन साफ असला तरी संशय असल्यास डॉक्टर पाठीतून सुईनं पाणी काढून तपासतात. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती निराधार आहे. सुई टोचतात तिथं मज्जारज्जू नसतो, तो त्याच्या वरच संपलेला असतो. काही जणांचं त्यानंतर एक-दोन दिवस डोकं दुखतं.

सेलू तालुक्यातून कुठे आणि कसं?

देऊळगाव गात असो की कुपटा, पहिला फोन १०८ ला. रुग्णवाहिका येईपर्यंत पेशंटला कुशीवर झोपवावं, तोंडात पाणी-चहा काही घालू नये. दुखणं सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयात प्राथमिक उपचार होतात. परभणी तिथून सुमारे ४० किलोमीटर. मेंदूची अँजिओग्राफी आणि न्यूरोसर्जन यांसाठी मोठ्या शहरात जावं लागतं. सेलूकरांना छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड त्यातल्या त्यात जवळ. कुठं बेड आहे आणि न्यूरोसर्जन आहे, हे डॉक्टरांकडून फोनवर विचारून घेऊनच निघावं. दारोदार फिरण्यात जाणारे तास परत येत नाहीत.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदवावं. योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही समावेश आहे. दवाखाना योजनेत आहे का आणि नेमका कोणता उपचार बसतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. रेशन कार्ड आणि आधार कार्डचे फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये आधीच ठेवावेत. पैसे संपले म्हणून सही करून घरी नेण्याआधी आरोग्यमित्र आणि दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांशी एकदा तरी बोलावं.

पेशंटजवळ बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं

- रक्तस्राव झाला तो दिवस पहिला धरून दिवस मोजा. चौथा ते चौदावा दिवस डोळ्यात तेल घालून काढायचा.
- पेशंट जास्त झोपाळू झाला, बडबडू लागला, ओळखेनासा झाला, शब्द सापडेनात, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय जड पडला, तर लगेच नर्सला सांगा. ‘थकली असेल, सकाळी बघू’ नको.
- निमोडिपिनची एकही वेळ चुकवू नका, रात्रीचीसुद्धा.
- बीपीची गोळी, झोपेची गोळी, गावठी औषध परस्पर देऊ नका.
- बिडी-सिगारेट कायमची बंद. रक्तदाबाची नियमित तपासणी.
- आई-वडील, भावंडं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल तर बाकीच्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

पेशंट नेहमी कसा बोलतो, कसा हसतो, कोणत्या हातानं ग्लास धरतो, हे डॉक्टरला माहीत नसतं, घरच्यांना असतं. त्यामुळं ‘आज आई वेगळी वाटतेय’ हे पहिल्यांदा लेकीच्या किंवा सुनेच्या लक्षात येतं. तसं वाटलं तर ते बोलून दाखवावं, संकोच करू नये. काढणी चार दिवस मागं-पुढं होईल, शेजारी-पाजारी करून घेतील. धमन्या पुन्हा सैल व्हायला मात्र तेवढे दिवस द्यावेच लागतात.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचाराचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.)